चाकू ऑनलाइन घ्यायचा, पण कुणाकडून?

भाचीचं पर्वरीचं नवं घर पुढच्या महिन्यात लागतंय. परवा तिचा फोन आला, "मामा, चाकू ऑनलाइन मागवतेय. कुठनं घेऊ? एकच चाकू, पण सगळीकडे किंमत वेगळी." फोंड्याला आमची दुपारच्या जेवणाची खानावळ आहे, तीसेक ताटांची. गेल्या काही वर्षांत खानावळीसाठी मी चार तऱ्हेच्या ठिकाणांहून चाकू मागवले आहेत. फोनवर तिला सांगितलं ते तुटक झालं, म्हणून नीट बसून लिहितो. घर मांडणाऱ्या इतरांच्याही कामी येईल.

चार तऱ्हा अशा: अमेझॉन-फ्लिपकार्टसारखा मोठा ऑनलाइन बाजार, जिथे एका छपराखाली असंख्य विक्रेते असतात. चाकू बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वेबसाइट. हॉटेलांना भांडीकुंडी पुरवणारे व्यापारी, जे आता ऑनलाइनही विकतात. आणि परदेशातली दुकानं, त्यातही जपानी चाकूंची.

आधी काय कापायचं ते ठरवावं लागतं, कारण गोव्याच्या स्वयंपाकघरातलं निम्मं कापणं चाकूचं नाहीच. नारळ फोडणं, फणस चिरणं, मोठ्या इसवणाचं (सुरमईचं) डोकं वेगळं करणं ही कोयत्याची आणि आदोळीची (पाटावरच्या विळीची) कामं. आमची वहिनी आजही सगळं नुस्तं (मासळी) आदोळीवरच कापते आणि तिच्या तुकड्या माझ्या चाकूपेक्षा सारख्या पडतात. या दोन वस्तू ऑनलाइन शोधूच नयेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या हातात घेऊन बघता येतात. त्यांचं साधं पोलाद गंजतं हे खरं, पण दगडावर त्याला पटकन धार चढते, आणि धुऊन, पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की पावसाळाही निभतो.

ऑनलाइन घ्यायचे ते कांदा-टोमॅटो, भाजी, कोंबडी, लहान मासळी आणि पोदेराच्या (पाववाल्याच्या) उंड्या-पोळ्यांसाठीचे चाकू. त्यासाठी तीन पुरतात: अठरा-वीस सेंटिमीटर पात्याचा मोठा, आठ-दहा सेंटिमीटरचा छोटा आणि एक दातेरी. तुलना या तीन चाकूंच्या हिशेबाने करतो.

किंमत

पडद्यावरची सर्वांत कमी किंमत मोठ्या बाजारातच दिसते. छोटा चाकू तिथूनच घ्यावा, हे मी बिनदिक्कत सांगतो. भारतीय बनावटीचा चांगला छोटा चाकू शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो दोन-तीन वर्षं चालतो, आणि हरवला तरी जीव हळहळत नाही. खोडून दाखवलेल्या एमआरपीकडे मात्र लक्षच देऊ नये. सत्तर टक्के सूट लिहिलेला चाकू बहुधा वर्षभर त्याच भावात विकला जात असतो.

संचांचा हिशेब तर वेगळाच करावा लागतो. हजार रुपयांत लाकडी ठोकळ्यासकट दहा नग म्हणजे नगाला शंभर, असं वाटतं. रोजच्या वापरात त्यातले तीनच राहतात, म्हणजे खरा भाव नगाला तीनशेच्या वर. वर तो ठोकळा आपल्या दमट हवेत आतून बुरसटतो. आमच्याकडे एक होता, जुलैत त्यातून वास यायला लागला तेव्हा टाकून दिला.

मोठ्या चाकूच्या बाबतीत चित्र बदलतं. त्याच कंपनीचा तोच चाकू मोठ्या बाजारात पाच विक्रेत्यांकडे पाच भावांना असतो, आणि कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा त्याहून थोडा महाग. मी मागवले तेव्हा हा फरक काहीशे रुपयांचा होता. चतुर्थी-दिवाळीच्या सुमाराला कंपन्याही सूट देतात, तेव्हा तोही कमी होतो. तो फरक मी आता आनंदाने देतो. का, ते पुढे येईल. जुन्या परीक्षणांत वाचलेले भाव आजचे समजू नयेत. २०२२च्या जुलैत चाकूंवरचा जीएसटी १२वरून १८ टक्क्यांवर गेला होता, त्याच्या आधीचे आकडे अजून नेटवर फिरत असतात.

हॉटेलवाल्या व्यापाऱ्यांकडे एक चाकू परवडत नाही. कुरियर धरला की तो इतरांपेक्षा महाग पडतो. डझनभर घेतले तर भाव खाली येतो. त्यांची किंमत बरेचदा जीएसटी सोडून लिहिलेली असते, ते आधी विचारून घ्यावं. (खानावळवाल्यांसाठी एक गोष्ट: आपण जेवणावर ५ टक्के जीएसटी लावतो, त्या पद्धतीत चाकवावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. भाव जुळवताना करासकट रक्कमच धरावी.)

परदेशी दुकानात येन किंवा डॉलरमधला आकडा बघून मोह होतो. मलाही झाला. त्यावर टपालखर्च, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क चढलं, आधी केवायसीची कागदपत्रं द्यावी लागली, आणि चाकू फोंड्याला पोचेपर्यंत किंमत दीडपटीच्या वर गेली. नातेवाईक परदेशातून येणार असेल तर त्याच्याकडून आणवणं स्वस्त पडतं. चाकू चेक-इनच्या बॅगेत पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवायला सांगावा, केबिनमध्ये तो चालत नाही.

काय मिळतं

मोठ्या बाजारात इतकं काही आहे की निवडणं हेच काम होऊन बसतं. तिथे वर्णनातले शब्द उलगडून वाचता आले पाहिजेत. "जर्मन स्टील", "हाय कार्बन" हे शब्द कुणीही लिहू शकतो. पोलादाचं नेमकं नाव दिलेलं असेल, उदाहरणार्थ एक्स५०सीआरएमओव्ही१५, तर काही कळतं: साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं, म्हणजे हे पोलाद आपल्या खाऱ्या वाऱ्यात चांगलं टिकणारं. तरीही कोकम, चिंच, मीठ लागलेलं पातं रात्रभर सिंकमध्ये राहिलं तर त्यावरही ठिपके पडतात. पात्यावर लाटांची नक्षी आणि किंमत हजाराच्या आत असेल तर ती नक्षी लेझरने कोरलेली आहे असं धरून चालावं. खरी नक्षी पोलादाचे थर एकत्र ठोकून येते, आणि ती त्या किमतीत होत नाही.

कंपनीच्या साइटवर माल कमी, पण एकच आकार निरनिराळ्या लांबीत आणि मुठीत मिळतो. व्हिक्टोरिनॉक्ससारख्या जुन्या कंपनीकडे (स्वित्झर्लंडमधल्या इबाखची, १८८४ पासूनची) मोठा चाकू, मासळीचे काप सोडवायचा लवचीक फिले चाकू, हाडांचा चाकू, दातेरी असं सगळं आहे. झ्विलिंगची भारतासाठी साइट आहे. आपल्याकडच्या गोदरेज कार्टिनीचे चाकूही घरच्या कामाला पुरेसे आहेत. एकट्या घरासाठी याहून जास्त निवड लागतही नाही.

परदेशी दुकानांची श्रीमंती मान्यच करावी लागते. साकाई आणि सेकी ही जपानमधली चाकूंची जुनी गावं. तिथला माल विकणाऱ्यांकडे मासळीसाठी जाड पाठीचा देबा, पातळ काप काढायला लांब यानागिबा, आणि डावखुऱ्यांसाठी उलट बाजूला धार काढलेले चाकूसुद्धा मिळतात. भाची डावखुरी आहे, म्हणून हे मुद्दाम शोधलं. तिला रोजच्या कामाला त्याची गरज नाही. दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेला चाकू कुठल्याही हाताला चालतो. अडचण दातेरी चाकवाची आहे. बहुतेक दातेरी चाकू एकाच बाजूने घासलेले असतात आणि ते उजव्या हातासाठी असतात. डाव्या हाताने उंडो कापायला गेलं की पातं तिरकं जातं. हे कुठल्याच भारतीय साइटवर लिहिलेलं मला दिसलं नाही.

जपानी चाकवांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. व्हीजी-१० या पोलादाचा चाकू रॉकवेल मापाने ६०-६१ कठीण असतो, व्हिक्टोरिनॉक्सचा ५५-५६. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण ठिसूळ असतं. मी हौसेने आणलेल्या चाकवाने पहिल्याच आठवड्यात इसवणाच्या मणक्यावर टवका सोडला. चूक चाकवाची नव्हती, मी त्याला चुकीचं काम दिलं होतं. आपल्याकडे मासा काट्यासकट आडवा कापतात, त्या कामाला मऊ पोलादच बरं. त्याची धार वाकते, तुटत नाही, आणि वाकलेली धार पुन्हा सरळ करता येते.

विकल्यानंतर

तीन कसोट्यांत माझ्या लेखी ही सर्वांत मोठी, आणि भाव बघताना नेमकी हीच विसरली जाते.

एका जूनमध्ये मी मोठ्या ऑनलाइन बाजारातल्या एका विक्रेत्याकडून नावाजलेल्या कंपनीचा चाकू घेतला, इतरांपेक्षा चारशे रुपये स्वस्त. खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, पात्यावरची अक्षरं पुसट. आठ दिवसांत धार गेली, पंधरा दिवसांत मुठीजवळ गंज. परत करायला गेलो तर त्या वस्तूला पैसे परत नव्हते, फक्त बदलून मिळणार होती. बदलून आली तीही तशीच. मग त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला फोटोंसह लिहिलं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. हे नियम मी पत्रात लिहिले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. एकोणिसाव्या दिवशी पैसे आले. आले खरे, पण एकोणीस दिवस खानावळीत उसन्या चाकवाने काम केलं.

त्यामुळे मोठ्या बाजारातून घ्यायचंच असेल तर किमतीच्या खाली "विक्रेता" म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी बघावं. कंपनी स्वतः किंवा तिचा अधिकृत आयातदार असेल तर घ्यावा. मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता लिहिलेला असलाच पाहिजे. परतीच्या अटीत "रिफंड" आहे की नुसती "रिप्लेसमेंट", तेही वाचावं. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. पावसात भिजलेल्या खोक्यातून पात्याचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा व्हिडिओपेक्षाही आधी बोटं सांभाळावीत.

कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या एका चाकवाच्या मुठीला वर्षभरात चीर गेली. बिल आणि दोन फोटो पाठवले, आठवड्याने नवा आला, कुणी उलट प्रश्न विचारला नाही. व्हिक्टोरिनॉक्स तर आपल्या चाकवांना साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषासाठी आयुष्यभराची हमी देते. झीज किंवा गैरवापर त्यात येत नाही, पण दोषाचं ओझं ग्राहकावर राहत नाही. अनधिकृत विक्रेत्याचं बिल दाखवून ही हमी मागायला गेलं तर वाद होऊ शकतो. ते काहीशे रुपये मी यासाठी देतो.

हॉटेलवाल्या व्यापाऱ्यांकडे परतीचं लेखी धोरण असं फारसं नसतं, पण फोन माणूस उचलतो, आणि कोंबडीच्या सांध्यासाठी कुठला चाकू घ्यायचा हे त्याला ठाऊक असतं. परदेशी दुकानांची उत्तरं सर्वांत जाणकार. माझ्या टवक्याबद्दल तिथल्या माणसाने दगडावर तो कसा घासून काढायचा हे चार परिच्छेदांत लिहून पाठवलं. परत पाठवायचं झालं तर मात्र कुरियरचा खर्च आपला, आणि भरलेलं सीमाशुल्क सोडवणं अवघड.

पोचवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा इथे सगळे पोचवतात. वाळपई-सांगे-काणकोणच्या आतल्या वाड्यांना दोन-चार दिवस जास्त धरावेत.

धार लावून द्यायची सोय मला चौघांपैकी कुणाकडेच मिळाली नाही. दारावर येणारा शाणवाला कोयत्याला उत्तम, पण फिरत्या चाकावर पातं तापलं की पातळ चाकवाचं पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरतं. म्हणून चाकवाबरोबर धार लावायचा हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) दगड त्याच ऑर्डरमध्ये घालावा. दगडावर पातं धरायचा कोन युरोपीय चाकवाला प्रत्येक बाजूला साधारण २० अंश, जपानी चाकवाला १५.

भाचीला मी असं सांगितलं: मोठा चाकू कंपनीच्या साइटवरून, वीस नको, अठरा सेंटिमीटरचा, तुझा ओटा लहान आहे. छोटा आणि दगड मोठ्या बाजारातून. दातेरी सध्या घेऊच नको, उंडे हाताने तोड. जपानी चाकू दोन वर्षांनी, हात बसल्यावर. आणि शुक्रवारी सुट्टी काढ, मी सकाळी आठला म्हापशाला येतो. आदोळी घेताना तिचा पाट जमिनीवर ठेवून डुगडुगतो का ते बघावं लागतं, ते मी बघतो.