नाचणारा टेंपरेचरचा काटा आणि मेकॅनिकल गेज: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

ज्यांच्याकडे १९७० च्या आसपासची ब्रिटिश दोन सीटर आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण टेंपरेचरचा काटा नाचायला लागला की गॅरेजवाले आधी रेडिएटरच उतरवायला निघतात. मला बडोद्यातल्या एका गॅरेजमध्ये तर हेड गास्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय, गाडी ठेवून जा असं सांगितलं. म्हटलं आधी मोजू तरी, म्हणून इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा वेगळा मेकॅनिकल गेज आणला, आणि आता मे महिनाही काढला आणि पावसाळाही संपत आलाय.

माझ्या गाडीचं असं व्हायचं की दिवसा काटा मधोमध, आणि अंधार पडल्यावर लाइट लावले की तो हळूहळू लालकडे सरकायचा, आणि नीट बघितलं तर पेट्रोलचा काटाही त्याच्याबरोबर वर. ही खूण फार महत्त्वाची आहे. दोन्ही काटे एकदम चढले तर रेडिएटरला हातसुद्धा लावू नका, या गाड्यांत दोन्ही मीटरना व्होल्टेज स्टॅबिलायझर एकच असतो, तो आत चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट देतो, आणि त्याच्या डब्याला अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी जोड) नीट नसेल तर तो जास्त सोडतो. माझ्याकडे डॅशबोर्डच्या दिव्यांची आणि त्याची अर्थ एकाच स्क्रूवर होती, स्क्रूखाली हिरवट गंज आणि वर रंगाचा थर. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांनी पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, दोन्ही अर्थ वेगळ्या केल्या, आणि जुन्या स्टॅबिलायझरच्या जागी ७८१० नंबरचा रेग्युलेटर (कायम १० व्होल्ट देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) टाकला. फक्त गाडी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक पत्र्याला जोडलेली) आहे ना ते आधी बघा.

एकटा टेंपरेचरचाच काटा उड्या मारत असेल तर सेंडर (इंजिनवरचा तापमानाचा सेन्सर) आणि त्याची वायर तपासा. वायर काढली की काटा थंडवर पडायला हवा. वायर अर्थला टेकवून बघायचं तर क्षणभरच, जास्त वेळ धरली तर मीटर जळतो. आणि सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याची अर्थ तिथूनच जाते.

आता गेजबद्दल. याला वीज लागतच नाही, पाण्यात बल्ब (दिवा नव्हे, तापमान ओळखणारं टोक) आणि तिथून डायलपर्यंत बारीक तांब्याची नळी, त्यामुळे वायरिंगच्या भानगडीत हा खोटं बोलू शकत नाही आणि मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. मी रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अडॅप्टर टाकून बसवलाय. सकाळी हा बराच वेळ खालीच असतो, ते बरोबरच आहे कारण माझा थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ डिग्रीचा आहे, तो उघडेपर्यंत तिथे गरम पाणी येत नाही. भर उन्हात अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी (रेल्वेखालच्या रस्त्यापाशी) ट्रॅफिकमध्ये नव्वदच्या पुढे जातो, हायवेला लागलं की उतरतो, हालोलकडे जाताना तर अगदी शांत. खात्रीसाठी थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटरनेही बघितलं (चकचकीत अॅल्युमिनियमवर ते कमी दाखवतं), आकडे जवळपास जुळले.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. नळी कापता येत नाही, मुरडली तर गेज गेलाच, म्हणून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडी) घालाच आणि उरलेल्या नळीचं मोठं वेटोळं करून बांधा. पाणी गळून पातळी बल्बच्या खाली गेली तर इंजिन तापलेलं असूनही हा कमी दाखवतो, तेव्हा काटा अचानक पडला तर खूश न होता गाडी बाजूला घ्या, आणि गरम असताना रेडिएटरची कॅप अजिबात उघडू नका. डायलला दिवा नाहीये, रात्री वाचताच येत नाही, त्यासाठी छोटा एलईडी लावायचं काम काकांकडे दिलंय. पण जुना मीटर आणि हा शेजारी शेजारी असले की गाडी खरंच तापतेय की नुसता काटाच चढतोय ते लगेच कळतं, आणि रेडिएटर अजून जागेवरच आहे.