फायबरचं बॉनेट आणि जुनी गाडी: वायपरला मूळ लिंकेज ठेवावं की रॅकचं किट बसवावं?

कोकणात जुन्या फियाटचं किंवा अँबॅसिडरचं पत्र्याचं बॉनेट खाऱ्या हवेने कडेकडून कुजत जातं आणि शेवटी बाजारातलं फायबरचं बॉनेट चढतं. गंजाचा प्रश्न मिटतो, वायपरचा सुरू होतो. कारण बॉनेटची मागची कड आणि काच यांच्यामधली जी फट स्पिंडलसाठी (वायपरचा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, ज्यावर बसतो तो फिरणारा खुंटा) सोडलेली असते, ती फायबरच्या साच्यात जशीच्या तशी क्वचितच उतरते. कड कुठे लांब, कुठे जाड. एअर स्कूप, म्हणजे हवा घेणारा उंचवटा, असेल तर चांगलीच वर उचललेली. अशा गाडीला वायपर बसवायचे दोन मार्ग आहेत. मूळ मोटर आणि रॉडचं लिंकेज, म्हणजे मोटरची हालचाल स्पिंडलपर्यंत नेणारी रॉडांची जोडणी, नीट करून घेणं, किंवा लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं रॅकचं किट घालणं, ज्यात मोटर लांब राहते आणि नळीतून मागेपुढे सरकणारी दातेरी केबल (हाच रॅक) दोन्ही स्पिंडल फिरवते. आमचं मत आधीच सांगतो: फट पुरत असेल तर लिंकेजच ठेवा. किट जागेच्या अडचणीसाठी घ्यावं, नवेपणासाठी नव्हे.

फट पुरते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. दोन्ही स्पिंडलच्या डोक्यावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, त्यावर प्लास्टिकचा कागद घाला, बॉनेट सावकाश बंद करा, पुन्हा उघडा. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे खरी मोकळी जागा. ती निदान १० ते १२ मिलिमीटर हवी, कारण आतली पत्र्याची चौकट नसलेलं फायबर खड्ड्यांत थरथरतं आणि इंजिनच्या उष्णतेने कालांतराने थोडं बसतं. उघडताना काय होतं तेही बघा. बिजागरी मागे असेल तर कड स्पिंडलच्या दिशेने झुकते. पुढे असेल तर कड आधी वर उठते आणि तिच्यावर टेकलेला आर्म सोबत घेऊनच उठते.

चार-पाच मिलिमीटरच कमी पडत असतील तर गाडी किटच्या वाटेला लावू नका. कडेचं फायबर घासून पुन्हा रेझिन मारता येतं, किंवा स्पिंडलच्या बैठकीखालचं पॅकिंग बदलता येतं. आर्म वाकवायचा असेल तर फक्त चपट्या पट्टीत, गार असतानाच, आणि पीळ न देता. पीळ पडला की रबर काचेवर सरळ उभं राहत नाही. मग ब्लेड एका दिशेने स्वच्छ पुसतं आणि परतताना थडथडतं. नवं ब्लेड टाकूनही हा दोष जात नाही.

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहू. लिंकेजला काऊलखाली (काचेच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या भागाखाली) रुंद जागा लागते, कारण रॉड आडवे हलतात. फायबरच्या बॉनेटला खालून जाड पट्ट्या किंवा स्कूपचा डबा असेल तर रॉड तिथेच आपटतात. रॅकला केवळ बोटभर जाडीची नळी पुरते आणि मोटर कोपऱ्यात कोरड्या जागी बसवता येते. हा किटचा खरा, मोठा फायदा.

पण नळीची शिस्त कडक आहे. वळणाची त्रिज्या २३० मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. गॅरेजवाले घाईत गुडघ्यावर नळी वाकवतात, ती आतून चेपते आणि मोटर तापते. कापलेल्या टोकांची आतली धार कानसीने काढा. शेवटच्या स्पिंडलपुढे नळीचा एक तुकडा सोडा, म्हणजे पुढे येणारं केबलचं टोक त्यात झाकलेलं राहील. ग्रीस भरा. मग मोटर आणि आर्म जोडण्याआधी केबलला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढा. पावणेतीन किलोच्या आत ती सरकायला हवी. जास्त जोर लागला तर नळी पुन्हा बसवा. मोटरने तो जोर रोज सहन करावा अशी अपेक्षा ठेवू नका.

दुरुस्तीत मात्र लिंकेज कितीतरी पुढे आहे. त्यात झिजतात ते बुश, म्हणजे सांध्यांतल्या छोट्या नळ्या. बुशमधला मिलिमीटरभर ढिलेपणा ब्लेडच्या टोकाला कितीतरी पटीने वाढतो, म्हणून ब्लेड काचेच्या रबरावर किंवा बॉनेटच्या कडेवर आपटू लागतं. पितळेचा बुश चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळला लेथवर करून मिळतो. रॅकचे दाते झिजले तर भाग मुंबईहून किंवा परदेशातून मागवावा लागतो, आणि जुलैत वायपरविना गाडी दारात उभी राहते. एक सोय आहे: स्पिंडलचं दातेरी चाक पूर्ण फिरत नाही, त्यामुळे एक बाजू झिजली तर ते अर्धा फेरा फिरवून न वापरलेले दाते कामाला लावता येतात.

एकच मोठा आर्म मधोमध बसवण्याचा पर्यायही सुचवला जातो. प्रदर्शनात ठीक. काशेडी किंवा परशुराम घाटातल्या धारांमध्ये काचेचे कोपरे पुसले जात नाहीत आणि सगळा भार एकाच स्पिंडलवर येतो.

स्कूपवाल्या बॉनेटची आणखी एक खोड दोन्ही पद्धतींना लागू आहे. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. उचललेली कड त्या हवेची वाट बदलते आणि वेगात ब्लेड काचेवरून सुटू शकतं. अशा वेळी लांब ब्लेड घालू नका, ते आणखी उचललं जाईल. एक इंच आखूड ब्लेड आणि आर्मची ताठ स्प्रिंग घ्या. बॉनेटच्या मागचं रबरही तपासा. फायबरसोबत ते बहुधा येतच नाही. आणि पावसाळ्याआधी काऊलची निचऱ्याची भोकं मोकळी करा. आंब्याखाली उभ्या गाडीत तिथे पानांचा लगदा साचतो आणि पाणी मोटरवर उतरतं.

विजेचं काम दोन्हीकडे सारखंच. मोटरला चांगली अर्थिंग चासीपर्यंत स्वतंत्र तारेने द्या, गंजक्या पत्र्यावर विसंबू नका. मोटर चालू असताना तिच्या टोकांवरचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा १ व्होल्टहून जास्त कमी भरला, तर दोष तारेत किंवा अर्थिंगमध्ये आहे. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असलेल्या गाडीत हेडलाइट आणि वायपर एकत्र चालू ठेवून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की बॅटरी उतरते, कारण मंद फेऱ्यांवर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. तिथे किट किंवा लिंकेज असा फरक पडत नाही.

आर्म बसवण्याचा क्रम चुकवू नका. आधी आर्मशिवाय मोटर चालवा आणि वायपरच्याच स्विचने बंद करा, चावीने नव्हे, म्हणजे ती विश्रांतीच्या जागी थांबेल. मग आर्म बसवा, ब्लेड बॉनेटच्या कडेवर नव्हे तर काचेवरच टेकेल इतकं वर. स्पिंडलवर थोडं ग्रीस लावा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा आर्म खाऱ्या हवेत लोखंडी स्पिंडलला धरून बसतो. काच ओली करून आधी मंद वेगावर, नंतर जलद वेगावर चालवा. काचेवर लाल मातीचा कोरडा थर असताना चाचणी घेऊ नका. त्या मातीतले कण काचेवर कायमचे ओरखडे काढतात.

५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल, तर २०२१च्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. तेव्हा मूळ पत्र्याचं बॉनेट आणि लिंकेज भंगारात न घालता तेल लावून, कोरड्या माळ्यावर ठेवा.