अबार्थ पुंटो: ११ महिने, १३ हजार किमी आणि टायरवरून झालेलं भांडण

फियाटच्या या गाडीच्या इंजिनाचे १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. माझी २०१७ ची, सेकंड हॅन्ड. इंजिनाबद्दल एकच सांगतो, दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी साधी वाटते आणि त्याच्या वर टर्बो भरला की सेकंड गिअरमध्ये स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, ते मला अजूनही रोज आवडतं.

मला लिहायचंय ते टायरबद्दल. या गाडीत गाडी ओढायची पुढच्याच चाकांनी, वळवायची त्यांनीच आणि ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावरच, त्यामुळे पुढचे टायर खडूसारखे झिजतात. मे महिन्यात पुढचे टायरमधल्या झीज दाखवणाऱ्या इंडिकेटरला टेकले, मागचे अजून निम्मे होते. १९५/५५ आर १६ साइजचे दोन नवीन घेतले, साडेतेरा हजार गेले, चार घ्यायची ऐपत नव्हती असं नाही पण निम्मा टायर फेकून द्यायचं माझ्या जिवावर येतं.

टायरवाले काका म्हणाले, नवे मागे टाका, मागचे पुढे आणतो. मी ऐकलंच नाही. ताकद पुढे, पैसे मी पुढच्यासाठी देतोय आणि तुम्ही नवा टायर नुसता गडगडत येणाऱ्या चाकाला लावताय? आवाज चढला, शेवटी त्यांनी माझ्या म्हणण्याप्रमाणे लावून दिले. तेव्हा मी मित्रांना काकांना काही कळत नाही असंच सांगत होतो.

जुलैत यवतेश्वर घाटातून साताऱ्याकडे उतरत होतो, पाऊस धो धो, शेजारी बायको. वळणात थर्ड गिअरमध्ये असताना समोर गाय आली आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, ब्रेक लावायच्या आतच मागची बाजू बाहेर फिरली आणि गाडी आडवी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. समोरून एसटी नव्हती म्हणून आज लिहितोय.

कारण साधं आहे. पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यात मागचे टायर झिजलेले, पाणी बाहेर फेकायला खाचा निम्म्याच उरलेल्या. पुढचे नवे टायर रस्ता पकडून होते म्हणून मला घसरण्याची कसलीच चाहूल लागली नाही. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडून आधी कळतं आणि पाय हळूहळू सोडला की पकड परत येते, मागची गेली की आपल्यासारख्या माणसाला सावरायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो, माफी मागितली. त्यांनी नवे मागे घातले, फक्त बॅलन्सिंगचे पैसे घेतले आणि चारही चाकांची हवा स्वतः तपासली.

आता ओल्या रस्त्यावर सेकंड गिअरमध्ये पुढची चाकं घसरून फिरतात, म्हणून वळण सरळ झाल्याशिवाय पाय देत नाही, त्याने मायलेजपण थोडं सुधारलं, गावात साडेदहा मिळतंय. बाकी १५५ मिमी ग्राउंड क्लिअरन्समुळे आमच्या कॉलनीचा स्पीडब्रेकर घासतोच. रांजणगावला बनलेली गाडी, पण कंपनीने २०१९ ला इथली विक्री गुंडाळल्यामुळे काही पार्टसाठी फोनाफोनी करावी लागते.

गाडी विकणार नाही. पुढे आलेले जुने टायर दिवाळीपर्यंत चालतील, मग मात्र चारही एकदम, त्यासाठी महिन्याला पाच हजार बाजूला टाकायला सुरुवात केलीय.