व्हिनेग्रेट की वेस्टा केस : पहिली चांदीची डबी कोणती घ्यावी?

जुन्या इंग्लिश चांदीच्या छोट्या डब्या जमवायला निघालेला माणूस बहुधा या दोन प्रकारांपाशी घुटमळतो. दोन्ही मुठीत मावतात आणि दोन्ही मुख्यतः बर्मिंगहॅमच्या.

वेस्टा केस म्हणजे खिशातली काडेपेटी. सुरुवातीच्या काड्या घासल्या गेल्या की खिशातच भडकायच्या, म्हणून धातूची डबी. तळाशी काडी ओढायची खरखरीत पट्टी, बाजूला साखळीत अडकवायची कडी. १८८० ते १९१४च्या दरम्यान त्या ढिगाने बनल्या, त्यामुळे साध्या नक्षीची डबी अजून आवाक्यात आहे. शिक्के ओळखायला ती उत्तम: चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, अक्षरावरून वर्ष. मात्र एनॅमलचं चित्र असलेली डबी दिसली की हात आखडता घ्या. जुन्या साध्या डबीवर नवं चित्र चढवून किंमत वाढवण्याचे प्रकार होतात.

व्हिनेग्रेटचा काळ त्याआधीचा, ढोबळमानाने १७८० ते १८५०. आपल्याकडे कानात अत्तराचा फाया, तसा तिथे डबीत सुगंधी व्हिनेगरचा स्पंज. गटारांचा वास असह्य झाला की नाकाशी धरायचा. आम्लाने चांदी खाल्ली जाऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा. आणि स्पंजावर जाळी! कारागिराचं सगळं कसब तिथे दिसतं. ट्रॅफल्गरच्या १८०५च्या लढाईनंतर बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू लिनवूड या चांदी कारागिराने, तिथे पडलेल्या ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या स्मरणार्थ केलेल्या डब्यांसाठी संग्राहक आजही चढाओढ करतात. नॅथॅनियल मिल्सच्या, झाकणावर विंडसरसारखे किल्ले उठवलेल्या डब्याही तशाच महाग.

मी असतो तर लिनवूड, मिल्स सोडून एखादी साधी व्हिनेग्रेट घेतली असती. वेस्टा केसमध्ये उघडून पाहण्यासारखं काही नसतं, हे माझं मत; धूम्रपानाच्या वस्तूंचे शौकीन भांडतील.

भिंग मात्र हवंच. झाकण आणि तळ यांवरचे शिक्के जुळतात का, बिजागरीशी करडा डाख, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीची खूण, दिसतो का, जाळी मूळचीच आहे का, ते पाहा. १७८४ ते १८९० या काळात करापोटी राजा-राणीचं मस्तक उमटवत. व्हिनेग्रेटवर ते साधारणपणे सापडायला हवं, १८९०नंतरच्या वेस्टा केसवर नाही. नाव खोडून घासलेला पत्रा अंगठ्याने दाबला की लवतो. तशी डबी कितीही स्वस्त असो, सोडा.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि तशी ठरली तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात डबी आवडलीच, तर आधी हे तपासा.