कॅनडा समजून घ्यायचाय: 32 तासांची मालिका की दोन तासांचा माहितीपट?

माझी भाची सप्टेंबरात मॉन्ट्रियलला शिकायला येते आहे. तिने फोनवर विचारलं, "मावशी, तिथला इतिहास कळेल असं काय बघू? जाडजूड पुस्तकं वाचायला आता वेळ नाही." इथे नव्याने आलेल्या मराठी घरांतही हाच प्रश्न निघतो, बहुतेकदा मुलांमुळे. शाळेत सकाळी राष्ट्रगीताच्या जोडीने एक निवेदन वाचलं जातं: आपण उभे आहोत ती जमीन अमुक मूळनिवासी लोकांची आहे. मूल घरी येऊन विचारतं, "मग ते लोक कुठे गेले?" आणि आईबाप एकमेकांकडे बघतात. मी मिसिसॉगात राहते. ज्या लोकांचं नाव या शहराला आहे, ते 1847 मध्ये क्रेडिट नदीचा काठ सोडून गेले. हे कळायला मला इथे सहा वर्षं राहावं लागलं.

मी तिला दोन नावं दिली. पहिलं 'कॅनडा: अ पीपल्स हिस्टरी', ही सीबीसी या सार्वजनिक वाहिनीची मालिका. 2000 आणि 2001 मध्ये ती इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत दाखवली गेली. 17 भाग, सुमारे 32 तास. दुसरं 'कानेसाताके: 270 इयर्स ऑफ रेझिस्टन्स', 1993 चा माहितीपट, दोन तासांना एक मिनिट कमी. निर्मिती नॅशनल फिल्म बोर्डाची, दिग्दर्शन अलानिस ओबोम्सवीन यांचं. त्या स्वतः अबेनाकी या मूळनिवासी समाजाच्या आहेत, क्युबेक प्रांतातल्या ओडानाक वस्तीत वाढलेल्या.

माझं उत्तर आधीच सांगते: दुसरा आधी बघा. मालिका नंतर, आणि तीही निवडून.

मालिका वाईट आहे म्हणून हे म्हणत नाही. एवढा मोठा देश, दोन भाषांची भांडणं, फरचा व्यापार, रेल्वे, दोन महायुद्धं, हे सगळं एका धाग्यात ओवणं सोपं नव्हतं आणि ते त्यांनी मन लावून केलं आहे. मांडणीची एक पद्धत फार परिणामकारक आहे. त्या त्या काळातल्या माणसांच्या वेशात नट थेट आपल्याकडे बघून बोलतात, आणि ते बोलतात ते शब्द त्या काळच्या पत्रांतून, रोजनिशीतून, कागदपत्रांतून घेतलेले असतात. पहिला भाग युरोपियनांच्या कितीतरी आधी, हजारो वर्षांपूर्वी सुरू होतो. न्यूफाउंडलंडच्या बिओथक लोकांपैकी शेवटची म्हणून ओळखली जाणारी शॉनाडिथिट त्यात भेटते. ती 1829 मध्ये सेंट जॉन्स इथे वारली. तिने काढलेली चित्रं आणि नकाशे मागे राहिले, त्यांतूनच तिच्या लोकांचं जगणं आज थोडंफार दिसतं.

पण अडचण याच पद्धतीत आहे. कागदावरचे शब्द घ्यायचे म्हटलं की ज्याने लिहून ठेवलं तोच बोलणार. व्यापारी लिहीत होते, पाद्री लिहीत होते, लष्करी अधिकारी लिहीत होते. ज्यांचा इतिहास आजीच्या तोंडून नातवाच्या कानात गेला, त्यांना बोलायचं तर बहुतेकदा कुणा गोऱ्याच्या दौतीतून. आपल्याला हे नवं नाही. बखर ज्याच्या पदरी लिहिली गेली त्याच्याकडे झुकते, हे आपण जाणतोच. म्हणून मालिकेत पहिला भाग संपला की मूळनिवासी लोक हळूहळू मागे सरकतात. लढाई असली की येतात, करार असला की येतात, एरवी देश त्यांच्याशिवायच घडत राहतो. याला मोठा अपवाद 1885 च्या उठावाचा: मेटी (मूळनिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाच्या) लोकांचा नेता लुई रिएल, क्री या मूळनिवासी लोकांचे प्रमुख बिग बेअर आणि पाउंडमेकर, आणि नोव्हेंबरात रेजायनाला रिएलला झालेली फाशी. हा भाग चुकवू नका.

आता 'कानेसाताके'. 1990 ची गोष्ट. मॉन्ट्रियलजवळ ओका नावाचं गाव, आणि त्याला लागून कानेसाताके ही मोहॉक या मूळनिवासी लोकांची वस्ती. तिथल्या नगरपालिकेला नऊ होलचं गोल्फ मैदान अठरा होलचं करायचं होतं, शेजारी घरंही बांधायची होती. त्यासाठी जे पाइनचं रान तोडायचं होतं ते मोहॉक लोक आपलं मानत होते, आणि तिथेच त्यांची दफनभूमी होती. त्यांनी रस्ता अडवला. 11 जुलैला क्युबेकचे पोलीस अश्रुधूर घेऊन आत शिरले, गोळीबार झाला, त्यात कॉर्पोरल मार्सेल लेमे हा पोलीस मारला गेला. कानावाके या दुसऱ्या वस्तीतल्या मोहॉकांनी पाठिंब्यासाठी मॉन्ट्रियलला जाणारा मर्सिये पूल बंद केला. ऑगस्टमध्ये सैन्य आलं. हा वेढा 26 सप्टेंबरपर्यंत, 78 दिवस चालला.

ओबोम्सवीन कॅमेरा घेऊन आत होत्या. तारांच्या कुंपणाच्या आत. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. त्या वेळच्या बातम्यांत सैनिकाच्या पाठीमागून दिसायचे ते तोंड झाकलेले बंदूकधारी. या माहितीपटात त्याच माणसांची स्वयंपाकघरं, पोरंबाळं, थकवा, आपसातले वाद दिसतात, आणि आपण आतून बाहेरच्या चिलखती गाड्यांकडे बघतो. मध्येच त्या थांबतात आणि शांत आवाजात मागची गोष्ट सांगतात: 1717 मध्ये फ्रान्सच्या राजाने ही जमीन सल्पिशियन या कॅथलिक धर्मसंघाला कशी देऊन टाकली, आणि तेव्हापासून मोहॉक लोक अर्जांमागून अर्ज कसे करत आले. शीर्षकातली 270 वर्षं हीच. ती गोष्ट ऐकल्यावर गोल्फचं मैदान हे भांडणाचं केवळ शेवटचं निमित्त होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहू शकले नाही. 28 ऑगस्टला कानावाकेमधल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं मोटारींतून बाहेर पडत होती. पुलापलीकडे जमलेल्या जमावाने त्यांच्यावर दगड मारले. मोटारींच्या काचा फुटतात, आत मुलं आहेत. याच घटनेवर ओबोम्सवीन यांनी 2000 मध्ये 'रॉक्स ॲट व्हिस्की ट्रेंच' हा वेगळा माहितीपट केला.

माहितीपट एका बाजूचा आहे का? हो, आहे. त्या ते लपवतही नाहीत. ओकाच्या सामान्य रहिवाशाला त्या उन्हाळ्यात काय वाटत होतं, लेमेच्या घरच्यांचं काय झालं, हे यात फारसं मिळत नाही. क्युबेकचे पोलीस वेगळे आणि सैन्य संघराज्याचं, असं का, हेही नवख्याला उमगणार नाही. तिथे मालिका कामी येते. फ्रेंच-इंग्रज तणाव, प्रांत आणि केंद्र यांची ओढाताण तिच्यात नीट उलगडते. मॉन्ट्रियलला राहणाऱ्याला तर ते कळायलाच हवं.

निवासी शाळांसाठी मात्र दोन्हींवर विसंबू नका. दीड लाखाहून जास्त मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून त्या शाळांत ठेवलं गेलं, शेवटची शाळा 1990 च्या दशकात बंद झाली. सरकारने जाहीर माफी मागितली 2008 मध्ये आणि या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने आपलं काम पूर्ण केलं 2015 मध्ये, म्हणजे मालिका आणि माहितीपट या दोन्हींनंतर. त्यासाठी तिसरं काही बघावं लागेल.

लहान मुलांबरोबर बघायचं असेल तर क्रम उलटा करा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मालिकेचा पहिला भाग आवडतो, मी पाहिलं आहे. 'कानेसाताके'साठी चौदा-पंधरा वर्षांचं होऊ द्या, आणि शेजारी बसा. हा माहितीपट नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. मालिकेसाठी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा.

भाचीला मी सांगितलं आहे, विमानात बसायच्या आधी 'कानेसाताके' बघून घे. आल्यावर पहिल्या मोकळ्या रविवारी आपण मर्सिये पुलावरून जाऊ.