एचओवरून एन स्केलवर: फ्लॅटमधल्या रेल्वेचा अनुभव

एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची, म्हणजे घरात चालवायच्या छोट्या गाड्यांची, दोन मापं. निकाल आधीच सांगून टाकतो. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गाडी गाडीसारखी लांबलचक दिसलीच पाहिजे असा हट्ट असेल, तर एन स्केल घ्या. पण डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-७ असलं आपल्याकडचंच इंजिन धावायला हवं असेल, तर एचओवरच राहा. एनमध्ये भारतीय माल जवळजवळ मिळत नाही. मी बरीच वर्षं एचओ चालवलं, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एनकडे वळलो.

एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, घरात तो चांगलाच जाणवतो. आपल्या गाड्यांचा नव्या धर्तीचा एलएचबी डबा प्रत्यक्षात साडेतेवीस मीटरचा. एचओत तो २७ सेंमी होतो, एनमध्ये पंधरालाही थोडा कमी. दहा डबे आणि इंजिन एचओत जोडलंत तर तीन मीटर होतात, म्हणजे आमच्या हॉलमध्ये गाडी नुसती उभी राहणार, धावणार कुठे? एनमध्ये तेच प्रकरण पावणेदोन मीटरच्या आत आटोपतं. माझी फळी आठ बाय अडीच फूट आहे. काटो या जपानी कंपनीचं ३१५ मिमी त्रिज्येचं वळण त्या रुंदीत बसतं आणि शेजारी स्टेशन, गाडी बाजूला उभी करायला एक सायडिंग, थोडी झाडी यांनाही जागा उरते. एचओत एवढ्या रुंदीत लांब डबे वळवायचा विचारही नको. पुण्यात कोथरूडचं मॉडेल गाड्यांचं जोशी रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे. ते पाहून आलेल्या प्रत्येकाला घरी तसंच काही उभारायचं असतं. त्यांच्याकडे त्यासाठी अख्खं दालन आहे, हे पायऱ्या उतरेपर्यंत विसरायला होतं.

रुळांचं गणित मात्र आपल्या बाजूचं नाही. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, एचओत १६.५ मिमी आणि एनमध्ये ९ मिमी, दोन्ही रूळ १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. एचओत ती खरं तर १९.३ मिमी व्हायला हवी, एनमध्ये साडेदहा. म्हणून आपलं इंजिन या रुळांवर जरा अरुंद पायांचं दिसतं. जपान्यांचं उलट: त्यांची जुनी लाइन १०६७ मिमीची, तिला ९ मिमी जास्तच होतात. ते साध्या गाड्या १:१५०मध्ये करतात आणि शिंकानसेन, जी खरोखर स्टँडर्ड गेजवर धावते, ती १:१६०मध्ये. गंमत म्हणजे आपल्याकडे या रुळांवर प्रमाणात चोख बसेल अशी गाडी पुणे मेट्रो, कारण ती स्टँडर्ड गेजची. डेक्कन क्वीनवाल्यांनी काय करायचं ते करावं.

याच भानगडीमुळे खोक्यांची मांडणी बदलली. आधी जपान, जर्मनी, भारत असं देशवार ठेवायचो. आता प्रत्येक खोक्यावर दोन आकडे लिहितो, प्रमाण आणि गेज. कारण ९ मिमीच्या एकाच रुळावर ब्रिटिश १:१४८, जपानी १:१५० आणि युरोपीय १:१६० सगळंच धावतं. चाकं एकमेकांत चालतात; घरं आणि माणसं चालत नाहीत. मोठ्या मापातही तेच, ओओ या ब्रिटिश मापाचे डबे १:७६चे पण रूळ एचओचाच. ओओची सिग्नल केबिन एचओच्या प्लॅटफॉर्मवर ठेवून पाहा, स्टेशन मास्तर पोरगेलासा दिसतो.

आता त्रास. एनचा खरा शत्रू धूळ. लांबी-रुंदी-उंची तिन्ही निम्म्याजवळ आल्या की वजन एक षष्ठांशावर येतं, आणि हलकं इंजिन रुळाला नीट दाबून धरत नाही. एचओचं धूड ज्या कचऱ्यावरून निर्धास्त जातं, तिथे एन अडखळतं. आमच्या समोर बांधकाम चालू आहे, त्यामुळे दर रविवारी तोच कार्यक्रम: किचन टॉवेलची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून रुळांवर आडवी टाकायची, इंजिनाची एक बोगी (चाकांचा एका टोकाचा संच) पट्टीवर, दुसरी रुळावर, आणि हाताने धरून करंट द्यायचा. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. पॉलिश पेपर कधी वापरू नका, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. पावसाळ्यात दमट हवेत हे जास्तच करावं लागलं.

डोळ्यांचंही सांगायला हवं. एनमधला माणूस जेमतेम एक सेंटिमीटरचा. चाळीशी लागलेल्यांनी कपलिंग लावताना भिंग जवळ ठेवावं. पाहुण्यांच्या मुलांना एचओ हातात देता येतं, एन देववत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन्हीकडे रडगाणं तेच. सरकारच्या लेखी हे खेळणंच, आणि खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. एनचा डबा स्वस्त पडतो खरा, पण मग आपण चारऐवजी दहा घेतो.

पुढचा बेत बोरघाटाचा आहे. खरा चढ ३७ला १. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी एनमध्ये ५ सेंमी उंची लागते, म्हणजे त्याच चढाला १८५ सेंमी धाव हवी. आठ फुटांच्या फळीत ती वळणासकट मिळते. एचओत हे स्वप्नातच. चाचणीत चढाच्या वळणावर रबर टायरवालं इंजिनही सगळी गाडी घेऊन घसरू लागलं, म्हणून खऱ्या घाटासारखं मागून ढकलणारं दुसरं इंजिन, म्हणजे बँकर, लावून पाहिलं. साध्या डीसी करंटवर दोन वेगळ्या इंजिनांचा वेग जुळत नाही. मागचं जोरात ढकलतं आणि मधले हलके डबे वळणाबाहेर फेकले जातात. दोन्ही इंजिनांत डीसीसी डिकोडर (प्रत्येक इंजिन वेगळं चालवू देणारी चिप) बसवून वेग जुळवल्याशिवाय हे जमणार नाही, आणि तोवर गाडी सहा डब्यांचीच.