निळं पिंप, चौदा महिन्यांनी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरची विजेरी, औषधं, कागद सगळं चिखलात गेलं. तरी अडीअडचणीच्या सामानासाठी पिंप घ्यायला मला आणखी काही वर्षं लागली. आळस, दुसरं काय! गेल्या जूनमध्ये पन्नास लिटरचं निळं पिंप आणलं. रुंद तोंड, झाकणाला रबरी वायसर, वरून लोखंडी कडी.

पाणी आत शिरत नाही, हे नक्की. रिकामं पिंप हौदात उलटं दाबून पाहिलं, आतलं वर्तमानपत्र कोरडं. दाबायला मात्र दोघं लागलो, इतकं ते तरंगतं. म्हणून माळ्यावर ठेवलं तरी दोरीने तुळईला बांधलंय.

फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. भर पावसात सामान भरलं आणि झाकण लावून निश्चिंत झालो. ऑगस्टमध्ये उघडलं तर कुबट वास, काडेपेट्या सादळलेल्या, कापसाच्या गुंडाळीवर काळे ठिपके, पोह्यांना जाळी. ओआरएसची पाकिटं तेवढी ठणठणीत. बाहेरची ओल अडवणारं झाकण आतली ओलही कोंडून ठेवतं, हे तेव्हा उमगलं. मग डिसेंबरात पिंप उन्हात तापवलं, सामान वाळवलं, कोरड्या दुपारी भरलं. सोबत ओल शोषणाऱ्या नारिंगी दाण्यांच्या पुड्या टाकल्या. दाणे हिरवे पडले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परततो (पोळीच्या तव्यावर नाही, घरच्यांची सक्त ताकीद आहे). या जुलैत उघडलं, तर पहिलीच काडी पेटली.

उन्हाळ्याने दुसरा धडा दिला. पत्र्याखालच्या माळ्यावर मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटल्या. गोळ्यांच्या पाकिटावर '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं, ते तेव्हा कुठे वाचलं. औषधं आता खालच्या खोलीत, छोट्या डब्यात. पाऊस वाढला की डबा उचलून वर न्यायचा.

विजेरीत सेल ठेवून दिले होते, तेही पाझरले. आता सेल वेगळ्या पिशवीत असतात. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी काढून चार्ज करतो.

पिंपाला पाचपैकी चार. एक गुण कडीसाठी कापला: पहिल्याच पावसाळ्यात गंजली, आता खोबरेल लावल्याशिवाय उघडत नाही. अंधारात, घाईत, ओल्या हाताने ती उघडेल याची मला खात्री नाही, म्हणून शेजारी एक पाना टांगून ठेवलाय.